खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक मासा बाकीच्यांना जगू देत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

वाकडवासी
नमस्कार. घाईत लिहितोय. टाकीत नवीन फायरफिश सोडली तेव्हापासून ग्रामा नावाचा मासा तिच्या मागे हात धुऊन लागलाय. आता ती पंपामागे दडून बसली आहे. शेपटी कुरतडलेली, खायलाही बाहेर येत नाही. दुकानदार फोन उचलत नाही. ग्रामाला शांत कसं करायचं? पाण्याच्या टेस्ट सगळ्या ओके आहेत, त्यामुळे कृपया "आधी पाणी तपासा" हे नको.

सागरी
टाकी किती मोठी? आत अजून कोण कोण आहे? कोण आधी आलं, कोण नंतर?

वाकडवासी
तीन फुटी. बाकी साधेच मासे आहेत, त्यांचा काही त्रास नाही. प्रश्न ग्रामाचा आहे.

जाळीवाला
तीन फूट ही लांबी झाली. रुंदी, उंची? आणि "साधा मासा" नावाची जात माझ्या तरी पाहण्यात नाही.

फ्लॉवरहॉर्नप्रेमी
माझा फ्लॉवरहॉर्नपण असाच आहे, टाकीत हात घातला की चावतो. त्याच्यासोबत ऑस्कर ठेवता येईल का?

सागरी
बाकी चर्चा होत राहील, वाकडवासी, आधी फायरफिश वेगळी करा. दुसरी टाकी नसेल तर प्लास्टिकची जाळीची टोपली घ्या, बोहरी आळीत किंवा कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळेल. भोकं मोठी असतील तर आतून नायलॉनची मच्छरदाणी बांधा. टोपली त्याच टाकीत काठाला अडकवा, तिच्यात फायरफिश ठेवा आणि वरून झाका. पाणी तेच राहतं, मार बसत नाही, आणि दोघांना एकमेकांची सवयही होते. आत प्लास्टिकच्या पाइपचा छोटा तुकडा टाका म्हणजे तिला लपता येईल.

टाकीलाही जाळीचं झाकण हवंच. फायरफिश घाबरली की उडी मारते, आणि सकाळी फरशीवर वाळलेली सापडते.

अलिबागकर पुण्यात
रेडीमेड मिठाचं पाणी वापरत असाल तर हे होणारच. मी दर महिन्याला अलिबागहून कॅन भरून खरं समुद्राचं पाणी आणतो. माझे मासे शांत आहेत.

जाळीवाला
पाण्याचा आणि मारामारीचा काय संबंध? आणि पावसाळ्यात काय करता? खाडीच्या तोंडाशी तेव्हा पाणी किती पातळ झालेलं असतं, ते हायड्रोमीटर (खारटपणा मोजायची नळी) बुडवून बघा एकदा.

अलिबागकर पुण्यात
पावसाळ्यात आधी साठवलेलं वापरतो. ड्रम आहेत माझ्याकडे. हवं तर येऊन बघा.

वाकडवासी
टोपली लावली. फायरफिश आत आहे. ग्रामा बाहेरून टोपलीला धडका मारतोय!!

टाकी ३ × १.५ × १.५ फूट. क्लाउनफिशची जोडी (साधे नारिंगी), एक पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल, ग्रामा, फायरफिश आणि एक क्लीनर कोळंबी. झालं? आता उपाय सांगा.

सागरी
म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर, दगड-वाळू वजा जाता दीडशे धरा. मासे फार नाहीत. पण यात एक गोष्ट पटत नाही. ग्रामा आपल्या कपारीपुरता गुरगुरतो, तोंड उघडून दाखवतो आणि परत आत जातो. टाकीभर पाठलाग करून शेपटी फाडणं हा त्याचा स्वभाव नाही. फोटो टाका.

वास्तुमित्र
टाकी घराच्या कोणत्या दिशेला आहे? ईशान्येला नसेल तर माशांमध्ये अशांतता राहते. मासे नऊ असावेत, त्यातला एक काळा.

जाळीवाला
दीडशे लिटरमध्ये नऊ मासे ठेवले तर अशांतता नक्की राहील, दिशा कोणतीही असो.

पूर्वी_पाळायचे
दोष क्लाउनचा असणार. आमच्याकडे क्लाउनची मादी अशी होती की काच पुसायला हात घातला तरी धावून यायची. धाग्यात सगळे ग्रामाच्या मागे लागलेत म्हणून सांगते.

वाकडवासी
क्लाउन काही करत नाहीत. उलट त्यातला लहान मधूनमधून मोठ्यासमोर थरथरतो. त्यालाही काही रोग झालाय का?

सागरी
रोग नाही. क्लाउन सगळे नर म्हणून मोठे होतात. गटातला सर्वांत दांडगा मादी बनतो, त्याच्या खालचा नर राहतो. थरथरणं म्हणजे "तू मोठी, मी लहान, मारू नकोस" असं सांगणं. जोडी जमल्याची खूण आहे, राहू द्या. पूर्वी_पाळायचे, तुमची मरून क्लाउन असेल. त्या जातीच्या माद्या खरंच भयंकर असतात. ह्यांचे साधे नारिंगी दिसतात.

पूर्वी_पाळायचे
हो, मरूनच होती. तरी क्लाउन तो क्लाउनच.

वाकडवासी
[फोटो] घ्या. दिसतोय का नीट? पुढचा भाग जांभळा, मागचा पिवळा. ग्रामाच आहे.

सागरी
नाही. हा डॉटीबॅक आहे, ग्रामासारखा दिसणारा वेगळाच मासा.

जांभळा कुठे संपतो ते बघा. सुरीने कापल्यासारखी रेघ आहे. ग्रामाचा जांभळा रंग मधल्या ठिपक्यांतून हळूहळू पिवळ्यात मिसळतो. ग्रामाच्या डोळ्यातून एक गडद रेघ जाते आणि पाठीच्या परावर पुढच्या बाजूला काळा ठिपका असतो. तुमच्या फोटोत यातलं काहीच नाही, पाठीचा पर तर जवळजवळ पारदर्शक आहे. कितीला घेतला?

वाकडवासी
क्लाउनपेक्षा स्वस्त पडला. दुकानात ग्रामा म्हणूनच दिला आणि बिलावरही ग्रामाच लिहिलंय.

जाळीवाला
इथेच ओळखायचं. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेला मासा वाकडमध्ये क्लाउनपेक्षा स्वस्त कोण देईल? डॉटीबॅक आपल्या बाजूचा, हिंदी-प्रशांत महासागरातला. त्याची आवक सोपी, म्हणून स्वस्त.

सहाफुटी
डॉटीबॅकला उगाच बदनाम करू नका. माझ्याकडे कधीपासून आहे, कोणाला काही करत नाही. वर दगडातले काटेरी किडे खाऊन साफ करतो. चांगला मासा आहे.

जाळीवाला
आपली टाकी किती फुटी?

सहाफुटी
नावातच आहे.

जाळीवाला
मग त्याला घरातल्या घरात स्वतंत्र गाव मिळालंय. इथे बिचाऱ्या फायरफिशला तीन फुटांत पळायचं कुठे?

सहाफुटी
टाकीपेक्षा क्रम महत्त्वाचा. माझा डॉटीबॅक सगळ्यांत शेवटी आला. ह्यांच्याकडे तो आधी आला असणार आणि फायरफिश नंतर. हो की नाही?

वाकडवासी
हो. त्यात काय? मग दगडांची जागा बदलली तर चालेल का? एका व्हिडिओत तसं सांगितलंय.

सागरी
कधीकधी चालतं. दगड हलले की ज्याची हद्द होती तीच नाहीशी होते, सगळ्यांना नव्याने जागा शोधावी लागते. सोबत त्या दिवशी लाइट बंद ठेवायचे आणि खाणं पोटभर द्यायचं. पण डॅमसेलसारख्या माशावर हा उपाय जास्त लागू पडतो. डॉटीबॅक संध्याकाळपर्यंत नवी कपार धरेल आणि पुन्हा तेच.

मुळशीवाला
आणि जुने दगड एकदम हलवलेत तर खाली साठलेली सगळी घाण वर येईल, अमोनिया चढेल. हलवायचेच असतील तर थोडे थोडे, आणि नंतर पाणी बदला. माझं मत विचाराल तर चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्या. पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी ३० च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी होतो आणि मासे चिडतात.

वाकडवासी
तापमान २६ आहे. पंखा लावलाय.

मुळशीवाला
पंख्याने पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ तसंच राहतं. रोज साधं आरओचं पाणी भरताय ना? खारं भरू नका.

वाकडवासी
अहो भरतोय. ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२५ आहे. म्हणूनच म्हटलं होतं, पाण्याचं विचारू नका.

कोकणकन्या
लपायला जागा कमी असेल. दगड वाढवा. माझा मामेभाऊ मालवणचा आहे, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्रातले दगड) आणि प्रवाळाचे तुकडे आणून देऊ शकेल. सांगू का?

जाळीवाला
ताई, जाहीर धाग्यावर हे लिहू नका. सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडेसुद्धा. वर मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मामेभावाला जेवायला बोलवा, दगड आणायला नको.

कोकणकन्या
किनाऱ्यावर मेलेले तुकडे पडलेले असतात हो, त्याचं काय एवढं?

जाळीवाला
मेलेलं प्रवाळसुद्धा त्यातच येतं. सिरॅमिकचे कोरडे दगड मिळतात, त्यावर जिवाणू वसायला वेळ लागतो एवढंच.

फ्लॉवरहॉर्नप्रेमी
कोणी ऑस्करबद्दल सांगेल का?

वाकडवासी
दगड पुरेसे आहेत. आणि आता कोळंबीपण दिसत नाहीये. डॉटीबॅकने खाल्ली का??

सागरी
कात टाकायच्या वेळी कोळंबी लपते, तेव्हा तिचं अंग मऊ असतं. दोन-तीन दिवसांत येईल. टाकीत तिच्याच आकाराचं पारदर्शक कवच सापडलं तर मेली समजून घाबरू नका. डॉटीबॅक लहान कोळंब्या खातो हे खरं, पण मोठ्या क्लीनरला सहसा हात लावत नाही. मऊ असताना मात्र भरवसा नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. दीडशे लिटरमध्ये फायरफिश आणि हा डॉटीबॅक एकत्र राहणार नाहीत. दोघांपैकी एकाला काढा.

वाकडवासी
डॉटीबॅक काढतो. पण जाळी घातली की तो दगडात शिरतो. सगळे दगड उपसायचे नाहीयेत मला.

पूर्वी_पाळायचे
काचेवर बाहेरून आरसा लावा. तो स्वतःशीच भांडत बसेल.

जाळीवाला
आरशाने टँगसारखे मासे थोडे दिवस गुंततात, हा हुशार आहे. आणि त्यांना तो काढायचाय, रमवायचा नाही. बाटलीचा सापळा करा. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरचा तिसरा हिस्सा कापा, बूच फेकून तोच भाग उलटा करून आत बसवा. नरसाळं झालं. गरम सुईने अंगाला बारीक भोकं पाडा म्हणजे आमिषाचा वास बाहेर येईल. आत दोन खडे वजनाला आणि कोळंबीचा बारीक तुकडा. बाटली आडवी, तोंड त्याच्या कपारीकडे.

घाई करू नका. आधी बाटली नुसती पडू द्या, त्याला तिची ओळख होऊ द्या. मग एक दिवस टाकीला खाणं देऊ नका (फायरफिशला टोपलीत द्या), आणि दुसऱ्या दिवशी फक्त बाटलीत ठेवा. डॉटीबॅक हावरट असतो, सगळ्यांत आधी तोच शिरेल.

सहाफुटी
बाटलीत आधी क्लाउन शिरतील, लिहून ठेवा. त्यापेक्षा रात्री लाइट गेल्यावर टॉर्चने बघा कुठल्या दगडात झोपतो. तो दगड तसाच सरळ उचलून बादलीवर धरा. मासा भोक सोडत नाही, दगडासोबतच बाहेर येतो आणि मग बादलीत पडतो. बादलीत टाकीचंच पाणी घ्या.

मुळशीवाला
गुरुवारी करू नका. आमच्याकडे गुरुवारी हमखास लाइट जाते. टाकीत हात असताना पंप बंद पडला तर तारांबळ. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, सगळ्यांनीच.

संभाजी बाग
लहानपणी संभाजी बागेतलं मत्स्यालय बघायला जायचो. तेव्हा सगळे मासे एकत्र गुण्यागोविंदाने राहायचे असं वाटायचं.

पूर्वी_पाळायचे
काढल्यावर त्याचं काय करणार? पुढच्या महिन्यात आम्ही दिवेआगरला जातोय, समुद्रात सोडता येईल.

सागरी
अजिबात नाही. दुकानातल्या टाक्यांमधून तो कुठले कुठले रोग घेऊन आला असेल सांगता येत नाही, आणि तो मुळात नेमक्या कुठल्या भागातला हेही आपल्याला माहीत नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये लायनफिश पहिल्यांदा दिसला, तो मूळचा तिथला नव्हे. आज तिकडचा सगळा किनारा त्याने व्यापलाय. दुकानात परत द्या किंवा कोणाला तरी द्या.

सहाफुटी
मी घेतो. माझ्याकडे आता एक आहे, त्यामुळे हा थेट मोठ्या टाकीत जाणार नाही, पण रिकामी दोन फुटी टाकी आहे. औंधला आणून देणार का?

वाकडवासी
बाटलीत क्लाउन शिरला. दोन्ही वेळेला. शेवटी काल रात्री टॉर्चवाली युक्ती केली, डॉटीबॅक दगडासकट बादलीत आला. कोळंबीपण दिसली, कवच सापडलं.

सहाफुटी, व्यनि (खासगी निरोप) केलाय. शनिवारी सकाळी आणतो. फायरफिश टोपलीत खायला लागली आहे, आता सोडू का?

सागरी
शेपटीची कड पांढरी किंवा गुलाबी दिसत नसेल तर दोन दिवसांनी संध्याकाळी लाइट बंद करून सोडा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर सोडू नका, आधी इथे लिहा. मार खाल्लेल्या माशाला तो रोग लवकर धरतो. आणि कोणी सांगितलं म्हणून तांब्याचं औषध टाकीत ओतू नका, कोळंबी मरेल.

वाकडवासी
ठिपके नाहीत. पण एक विचारायचं होतं. डॉटीबॅक काढल्यापासून डॉमिनो टोपलीजवळ घिरट्या घालतोय.

जाळीवाला
कोण डॉमिनो?

वाकडवासी
काळा, तीन पांढरे ठिपके असलेला. लहान आहे अगदी, म्हणून लिहिला नव्हता. दुकानदाराने टाकी सुरू करताना दिला होता.

जाळीवाला
_/\_

सागरी
तो लहान राहत नाही. पाच इंचांच्या आसपास वाढतो, आणि वाढला की डॉटीबॅक परवडला म्हणाल. आत्ताच काढा. फायरफिश अजून टोपलीतच राहू द्या.

सहाफुटी
डॉमिनो मला नको, आधीच सांगतो.