मदत हवी आहे: सीडीसीवर (महाविद्यालय विकास समिती) शिक्षक प्रतिनिधी निवडणूक न घेताच घेतले, तक्रार कुठे करायची?

विटा_रोड
आमच्या कॉलेजात (सांगली जिल्हा) सीडीसीवर तीन शिक्षक प्रतिनिधी परस्पर घेतले. नोटीस नाही, मतदान नाही. प्राचार्य म्हणतात सगळ्यांच्या सहमतीने झालंय. कुणाची सहमती, कधी घेतली, ते सांगत नाहीत. सोमवारी बैठक आहे, विषयपत्रिकेत अंदाजपत्रक आहे. तक्रार विद्यापीठात करायची की उच्च शिक्षण सहसंचालकांकडे? जरा लवकर सांगा.

चांदोली
अनुदानित की विनाअनुदानित? स्वायत्त आहे का? तुम्ही पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर? समिती कधी बनली? लेखी हरकत दिलीय का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

कासपठार
स्वायत्त असेल तर विषयच संपला. तिथे गव्हर्निंग बॉडी (नियामक मंडळ) असते आणि तिच्यावर शिक्षक प्राचार्यच ज्येष्ठतेनुसार नेमतात.

हळदबाजार
कासपठार, तुम्ही दोन समित्या एकत्र करताय. गव्हर्निंग बॉडी यूजीसीच्या स्वायत्ततेच्या नियमांतली. सीडीसी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम ९७ मधली, आणि ती स्वायत्त कॉलेजालाही लागू आहे. तीन शिक्षक पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून द्यायचे, त्यात किमान एक महिला. शिक्षकेतरांतून एक, तोही निवडूनच. प्राचार्य नेमू शकतात तो फक्त एक विभागप्रमुख. घोळ इथेच होतो. त्या एका नेमणुकीचा अधिकार चारही जागांना लावून टाकतात आणि पाच वर्षं कुणी विचारत नाही.

विटा_रोड
अनुदानित, संलग्न, स्वायत्त नाही. मी पूर्णवेळ, मान्यता आहे. समिती गेल्या जूनमधली. हरकत तोंडी घेतली. आता सांगा कुठे जायचं.

कृष्णाघाट
थेट विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण. तीस दिवसांत अपील टाका, उशीर झाला तर हातचं जाईल.

चांदोली
न्यायाधिकरणाचा इथे संबंध नाही. त्याच विद्यापीठ कायद्याच्या कलम ८१ खालचं अपील बडतर्फी, सेवेतून काढणे, पदावनती अशा आदेशांसाठी आहे. यांना कुणी काढलेलं नाही. चुकीच्या दारात पाठवलं तर महिने जातील.

कृष्णाघाट
मग धर्मादाय आयुक्त. संस्था ट्रस्ट आहे ना?

चांदोली
ट्रस्टच्या विश्वस्तांचा वाद असता तर गेले असते. सीडीसी विद्यापीठ कायद्याने बनते.

हळदबाजार
विटा_रोड, सहसंचालक वेतन आणि अनुदान बघतात. त्यांना प्रत पाठवा, पण मुख्य अर्ज तिकडे नको. हा विषय विद्यापीठाचा. कलम ७९ खाली तक्रार निवारण समिती आहे. शासनाविरुद्धच्या आणि न्यायाधिकरणाकडे जाणाऱ्या सोडून शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या बाकी तक्रारी ती ऐकते आणि व्यवस्थापन परिषदेला अहवाल देते.

पण सोमवारच्या आधी एक काम करा. प्राचार्य हे सीडीसीचे सदस्य-सचिव, म्हणून त्यांच्या नावे एक पानी हरकत द्या. तीन वाक्यं पुरे: कलम ९७ प्रमाणे शिक्षक प्रतिनिधींची निवडणूक झाल्याचं आम्हाला कळवलेलं नाही, झाली असल्यास नोटीस व निकालाची प्रत द्यावी, ही हरकत सोमवारच्या इतिवृत्तात नोंदवावी. दोन प्रती काढा, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. लिपिक "साहेबांना विचारून घेतो" म्हणाला तर वाद घालू नका, त्याच दिवशी कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा. एकट्याने सही करू नका, निदान पाच-सहा जण घ्या.

अंदाजपत्रक सोमवारी थांबेल अशी आशा धरू नका. सीडीसी ते तयार करून संस्थेकडे मंजुरीला पाठवते, अंतिम शिक्का संस्थेचा. थांबवणं जमणार नाही, पण हरकतीची तारीख बैठकीच्या आधीची असणं पुढे कामाला येतं.

अजिंक्यतारा
एवढं करून मिळणार काय? कॅसची (शिक्षकांच्या पदोन्नतीची योजना) फाइल प्राचार्यांच्याच सहीने पुढे जाते. वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, नाहीतर सहा. तुमचं किती झालंय ते बघा आणि मग लढा.

चांदोली
कॅसची छाननी समिती वेगळी असते, तिथे विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ बसतात. भीतीपोटी लोकांना गप्प बसवू नका.

अजिंक्यतारा
घाबरवत नाही. आयक्यूएसीची (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) पडताळणी आणि प्राचार्यांचं शिफारसपत्र मिळाल्याशिवाय ती समिती बोलावलीच जात नाही, एवढंच म्हणतोय. फाइल आधी दाखल करून आवक क्रमांक घ्यावा.

चांदोली
हे मान्य.

वारणाकाठ
मतदार यादीचं कुणी बोलत नाही. तासिकावाल्यांना मत आहे का? आमच्यात त्यांची संख्या जास्त आहे.

हळदबाजार
नाही, कलमात पूर्णवेळ शिक्षक आहे. पण ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक 'शिक्षक' या व्याख्येत येतात, आणि यादीतून हमखास तीच दोन नावं गळतात.

वारणाकाठ
तासिकावाल्यांवर हा अन्यायच आहे. निम्मं कॉलेज तेच चालवतात.

चांदोली
खरं आहे, पण ते कायदा बदलण्याचं काम. वेगळा धागा काढा, मी येतो.

विटा_रोड
कॉलेजच्या वेबसाइटवर सीडीसीचा तक्ता सापडला. तिघांच्या नावापुढे "बिनविरोध निवड" लिहिलंय! शिवाय तिघेही पुरुष आहेत.

हळदबाजार
तिघेही पुरुष, म्हणजे निवडणूक झाली असं धरलं तरी रचना चुकलीय. हा मुद्दा तक्रारीत पहिला घ्या, त्याला साक्षीदार लागत नाही. पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवा, हे तक्ते रातोरात बदलतात.

बिनविरोध म्हणजे तीन जागांना तीनच अर्ज आले. मग ते अर्ज कुठेतरी असायला हवेत. अनुदानित कॉलेज आहे, माहिती अधिकार लागू आहे. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. मागायचं एवढंच: निवडणुकीची नोटीस, मतदार यादी, तिन्ही उमेदवारी अर्ज, निकालपत्र. "निवडणूक का घेतली नाही" असं विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील.

दुसरा अर्ज विद्यापीठाच्या माहिती अधिकाऱ्याकडे. सीडीसीने ३० जूनला संपणाऱ्या वर्षाचा अहवाल संस्थेला आणि विद्यापीठाला द्यायचा असतो, त्याची प्रत मागा. दोन्हीकडच्या कागदांत तफावत निघते ती इथे.

विटा_रोड
आणि कागदच नाहीत म्हणाले तर?

हळदबाजार
तेच लेखी घ्या. "अभिलेख उपलब्ध नाही" हे सहीचं पत्र आणि वेबसाइटवरचं "बिनविरोध" एकमेकांना जोडा, वर कलम ७९ चा अर्ज, कुलसचिवांच्या नावे.