बापाने मेंढी चोरली, तर मुलाने काय करावं?

ओसरी:
कन्फ्यूशिअस म्हटलं की आपल्याला शाळेतला सुविचाराचा फळा आठवतो. माणूस इ.स.पू. 551 ते 479 मधला, लू राज्यातला. त्याचं गाव छ्यूफू आजच्या शानदोंग प्रांतात आहे. शिष्य-प्रशिष्यांनी जमवलेले त्याचे संवाद म्हणजे 'लुन्यू', एकूण 20 प्रकरणं. तेराव्यात एक चिमुकला प्रसंग आहे. शे इथला सरदार फुशारकी मारतो: आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशिअस म्हणतो, आमच्याकडचे सरळ लोक वेगळे. बाप मुलाचं झाकतो, मुलगा बापाचं झाकतो, सरळपणा त्यातच असतो.

मला हे पटतं. त्याच्या नीतीचा गाभा 'रेन', म्हणजे माणुसकी. आणि आईबापांविषयीची माया व मान, 'श्याओ', हे तिचं मूळ, असं त्याचा शिष्य यौ-त्झ पहिल्याच प्रकरणात सांगतो. बापाला पकडून देताना ज्याचं काळीज हलत नाही, त्याचं शेजाऱ्यासाठी काय हलणार?

कलमबहाद्दर:
याला मराठीत 'पांघरूण घालणं' म्हणतात आणि तो काही सद्गुण नाही. चीनमध्येच अडीचशे वर्षांनी हान फेइ या कडक कायद्याचा कैवार घेणाऱ्या विचारवंताने याची पिसं काढली आहेत. तो लू राज्यातल्या एका सैनिकाची गोष्ट सांगतो. गडी तीन लढायांतून तीनदा पळाला. का? तर म्हणे घरी म्हातारा बाप आहे, मी मेलो तर त्याला कोण बघणार. कन्फ्यूशिअसने त्याला वरच्या जागेसाठी शिफारस दिली! हान फेइचा निष्कर्ष: बापाचा गुणी लेक तो राजाचा फितूर. (गोष्ट रचलेली असेलही, हान फेइ विरोधकच होता. पण नेम बरोबर आहे.) घराणेशाहीचं बियाणं हेच.

ओसरी:
आणि हान फेइचं राज्य कसं असेल? घरोघरी खबरे. पुढच्या चीनने ते नाकारलं. 653 सालच्या, टांग राजवटीच्या कायद्यात नातेवाइकांनी एकमेकांचे गुन्हे लपवायला मुभा होती; राजद्रोहासारखे गुन्हे तेवढे वगळून. आजच्या चीनमध्येही 2012 च्या दुरुस्तीनंतर आरोपीच्या नवरा-बायकोला, आईबापांना, मुलांना साक्षीसाठी जबरदस्तीने कोर्टात आणता येत नाही.

कलमबहाद्दर:
साक्षीला न ओढणं वेगळं, लपवणं वेगळं. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 249 बघा (जुन्या दंड संहितेत 212): गुन्हेगाराला आसरा देण्यात सूट फक्त नवरा-बायकोला. मुलाला नाही.

पाटीपेन्सिल:
दोघेही जरा मूळ शब्दांकडे बघा. तिथे 'यिन' आहे. त्याचा अर्थ लपवणं असा होतो, तसाच न बोलणं असाही. आणि चोरीसाठी शब्द आहे 'रांग'. जुने टीकाकार म्हणतात, चुकून आपल्या दारात आलेली मेंढी ठेवून घेणं म्हणजे रांग. कुणी कुंपण फोडून गेलं नव्हतं. शिवाय चौथ्या प्रकरणात तोच सांगतो की आईबाप चुकले तर त्यांना हळुवार समजवावं, ऐकलं नाही तरी मान ठेवावा. म्हणजे बाहेर गप्प, घरात बोलायचं.

कलमबहाद्दर:
हळुवार समजावेपर्यंत मेंढीचं मटण झालेलं असतं.

तिसरामजला:
तुमच्या सगळ्या चर्चेत मेंढीवाला कुठे आहे?

आमच्या बाबांनी नळाला मोटार लावली होती. थेट पाइपलाइनला, जिन्याखाली, वर गोणपाट टाकून. पहाटे साडेपाचला ती घुरघुरायची आणि वरच्या मजल्यावरच्या आजी कळशी घेऊन खाली उतरायच्या. मी आठवीत होतो, मला सगळं ठाऊक होतं. पालिकेचा माणूस आला तेव्हा मी दारात उभा राहून 'बाबा घरी नाहीत' म्हटलं. बाबा आत दाढी करत होते. ओसरी म्हणतात ती माया माझ्यात नक्कीच होती. आजींची कळशी मात्र रिकामीच होती.

ओसरी:
हे लागलं. आणि कन्फ्यूशिअसच्याच मापाने लागलं. जन्मभर पाळावा असा एक शब्द सांगा, असं त्झ-गोंग या शिष्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'शू': स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नका. आजींच्या जागी स्वतःला ठेवलं की माझी बाजू लंगडी पडते, मान्य.

तरी एक सांगतो. कन्फ्यूशिअसच्याच परंपरेतला पुढचा विचारवंत मेन्शियस, त्याला विचारलं होतं, सम्राट शुनच्या बापाने खून केला तर? तो म्हणाला, शुन न्यायाधीशाला अडवणार नाही. फाटकी चप्पल टाकावी तसं सिंहासन टाकेल आणि बापाला पाठीवर घेऊन समुद्राकाठी पळून जाईल. म्हणजे बापाला वाचवायचं, तर गादीवर बसून नाही.

कलमबहाद्दर:
आणि मेलेल्याच्या घरच्यांनी काय करायचं? समुद्राकडे बघत बसायचं?

पाटीपेन्सिल:
@तिसरामजला, मोटारीचं पुढे काय झालं? बाबांशी कधी बोललात?

तिसरामजला:
नाही. मे महिन्यात जळाली. बाबांनी रिवाइंडिंग करून आणली. परत बसवताना जिन्याखाली बॅटरी धरून मीच उभा होतो.