परदेशातल्या खेड्यातली शाळा: तुमचा दिवस कसा जायचा?

माझी भाची इंजिनिअरिंग संपवून, नोकरीवर रुजू व्हायच्या आधी चार-सहा महिने परदेशातल्या एखाद्या खेड्यात शिकवायला जायचं म्हणतेय. नेपाळचं जवळजवळ ठरतंय. घरात दोन तट पडलेत. ताईचं म्हणणं, शिकवायचंच आहे तर आपल्या गावची शाळा काय वाईट आहे? भावोजी म्हणतात, जाऊ दे. ते दोघं त्यांचं बघतील. मला हवंय ते वेगळं. संस्थांच्या माहितीपत्रकात सगळी पोरं कायम हसत असतात, त्यावरून काही कळत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत तुम्ही काय करत होतात? पाणी कुठून आणलंत, काय खाल्लंत, काय जमलं नाही? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा. भाषणं नकोत.

गोरखा जिल्हा, नेपाळ

२०१६च्या एप्रिलमध्ये गेलो, जुलैअखेर परतलो. भूकंपाला वर्ष होत आलं होतं. शाळेची दगडी इमारत पडलेली, वर्ग भरायचे बांबू आणि पत्र्याच्या खोल्यांत.

मी राहायचो त्या घरच्या आजींना सगळं गाव आमा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. पाच वाजता काळा चहा. मग धाऱ्यावर रांग. धारा म्हणजे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने खाली आणून सोडलेली तोटी. अंघोळ, कपडे, भांडी सगळं तिथेच. नाश्ता नावाचा प्रकार नाही. नऊ वाजता थेट जेवण: डाळभात, मोहरीच्या पाल्याची भाजी, लोणचं. संध्याकाळी सातला पुन्हा तेच. पहिल्या आठवड्यात सकाळी नऊला ताटभर भात घशाखाली उतरेना. महिन्याभरात दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागलो, कारण मधल्या वेळात चढ चढायचा असतो.

शाळा दहा ते चार. रविवारीसुद्धा! सुट्टी शनिवारी, शुक्रवारी अर्धा दिवस. पहिल्या रविवारी मी ताणून दिली आणि साडेदहाला सातवीची चार पोरं मला उठवायला दारात हजर. या शनिवारच्या सुट्टीचं एक सांगायला हवं. भूकंप झाला २५ एप्रिल २०१५ला, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना, आणि तो दिवस शनिवार होता. वर्ग रिकामे होते. तिथल्या प्रत्येक शिक्षकाने मला हे आपापलं, वेगवेगळं सांगितलं. सांगताना हात ढिगाऱ्याकडे जायचा. त्यावर काय बोलावं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिकवायला गणित आणि इंग्रजी. पाऊस सुरू झाला की पत्र्यावर असा आवाज की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. मग फळ्यावर गणितं लिहायची आणि पोरांमधून फिरत बसायचं. खरं सांगू का, माझे सगळ्यांत बरे तास हेच. तोंड बंद असल्यामुळे वह्या बघितल्या जायच्या, आणि कोणाचं हातच्याचं अडतंय ते तेव्हा समजायचं.

लिपी एकच, त्यामुळे पाट्या वाचता यायच्या आणि सगळं कळतंय असा खोटा आत्मविश्वास यायचा. नेपाळीत ळ नाही. माझ्या वहीत पोरांना तो सापडला आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं चश्मा. पुढे दोन आठवडे फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी ळ काढून ठेवलेला असायचा, कधी नाक-तोंडासकट.

गोड गोड तेवढंच नव्हतं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात सीमेवर माल अडकून गॅस, पेट्रोल, औषधांचे हाल झाले होते. गावात त्याला भारताची नाकाबंदी म्हणत. दुकानदाराने मला सरळ विचारलं, घरं पडलेली असताना तुम्ही आमचा गॅस का अडवलात? दिल्लीने हे नाकारलं होतं वगैरे मला ठाऊक होतं, पण चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या माणसाला ते ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. बिस्किटं घेतली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी त्यानेच चहाला बसवलं.

असार महिन्याच्या पंधराव्या दिवशी भातलावणीचा सण. चिखलात उतरायचं, एकमेकांना माखायचं आणि दही-चिउरा खायचा. चिउरा म्हणजे पोहे. कोकणातली आवणी आणि गोपाळकाला एकाच दिवशी आल्यासारखं वाटलं. मी लावलेली ओळ आमांनी माझ्यादेखत उपटून परत लावली.

इरिंगा भाग, टांझानिया

मी तिथे माध्यमिक शाळेत गणित आणि फिजिक्स शिकवायला वर्षभर होतो. विज्ञानाला शिक्षक मिळत नाहीत, म्हणून मला घेतलं. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून गेलो आणि जूनमध्ये डोंगरावरच्या थंडीत दोन स्वेटर घालून शिकवलं.

पहिला घोटाळा वेळेचा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. हेडमास्तरांनी बैठक ‘सा तातू’ला, म्हणजे तीनला सांगितली. मी दुपारी तीनला तयार होऊन गेलो. बैठक सकाळी नऊला होऊन गेली होती.

दुसरा माझ्या ओळखीचा. गोऱ्यांना ‘म्झुंगू’ म्हणतात हे वाचून गेलो होतो. मला पोरं ‘म्हिंदी’ म्हणून हाक मारायची, आणि मोठी माणसं विचारायची, तुमचं दुकान कुठल्या गावात? पिढ्यान्‌पिढ्या तिथे हिंदी माणूस म्हणजे दुकानदार. त्यातून भाषेत आपलेपणा भरपूर: दुकान म्हणजे दुका, गाडी गारी, विमा बीमा. चपाती तर चपातीच, आणि ती आपल्या घडीच्या पोळीसारखी पापुद्र्यांची. तेल मात्र हात सोडून.

सकाळी शाळेत पहिलं काम झाडू. मुलं घरून खराटे आणि पाण्याचे कॅन घेऊन येतात, मैदान झाडतात, मग परिपाठ. मोठ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं, मोठ्यांनी ‘माराहाबा’ म्हणायचं. दुपारी मका आणि घेवड्याच्या दाण्यांची मकांदे. रोज. आठवड्याचे पाचही दिवस.

आता मुख्य गोष्ट. तिथे सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत आणि माध्यमिकच्या पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. घनतेची व्याख्या अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा. लाकूड का तरंगतं विचारलं की शांतता. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलो तेव्हा शेवटच्या बाकावर असाच बसायचो. ‘व्हेलॉसिटी’ म्हणजे वेगच, हे कळायला मला दिवाळी उजाडली होती. म्हणून मोडक्यातोडक्या स्वाहिलीत समजावू लागलो. चुका काढायला पोरं टपलेली असत, त्यामुळे वर्ग जागा राहायचा. सहकाऱ्यांना ते पटलं नाही: परीक्षा इंग्रजीत आहे, तुम्ही जाल, मार्क यांचे जातील. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आणि छडी. स्टाफरूममध्ये कोपऱ्यात जुडगा असायचा. मी वापरली नाही. त्याचं पोरांना कौतुक वगैरे नव्हतं, हा शिक्षक गृहपाठ मनावर घेत नाही एवढाच त्यांनी अर्थ काढला. वहीवर रोज सही करायला लागलो तेव्हा कुठे गृहपाठ येऊ लागला.

मलावी (मी नाही, लेक)

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक पीस कोअरमधून, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेतून, मलावीला गेली. तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षं शाळा. मी पंधरा दिवस जाऊन आले, म्हणून आईच्या नजरेने लिहिते.

बस सोडल्यावर पुढे काबाझा, म्हणजे सायकलची टॅक्सी. कॅरिअरवर बसायचं. सायकलच्या मागे मी शेवटची बसले होते साताऱ्यात, बाबांच्या. पर्स पोटाशी धरून पूर्ण रस्ता डोळे मिटून होते.

जी मुलगी घरी वरणभात काट्याने खायची, ती तिथे चटईवर बसून हाताने न्सिमा खात होती. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा. जेवायच्या आधी कोणीतरी तांब्यातून तुमच्या हातावर पाणी घालतं, आणि वडीलधाऱ्यांना काही देताना बायका गुडघे टेकतात. लेकीने मलाही चहा तसाच दिला. मला हसू आलं आणि मग अजिबात आलं नाही.

संध्याकाळी सहाला अंधार. त्यानंतर ती बॅटरीच्या उजेडात निबंध तपासायची, मच्छरदाणीत बसून. किती ते निबंध! मी अर्धा गठ्ठा वाटून घ्यायला गेले तर म्हणाली, आई, तू सगळ्यांना दहापैकी नऊ देशील.

सिएम रीप प्रांत, कंबोडिया

वरचे सगळे महिनोन्‌महिने राहिलेत. मी दोन आठवड्यांवाला, पैसे भरून गेलेला. तिथे शाळेला ‘साला’ म्हणतात आणि गुरुजींना ‘लोक क्रू’, म्हणजे आपलाच गुरू, यावर मी फार खूश होतो. पहिल्या दिवशी रंगांची इंग्रजी नावं शिकवायला उभा राहिलो. मी लाल कार्ड उचलायच्या आत वर्गाने सगळे रंग माझ्याच क्रमाने म्हणून दाखवले. दर पंधरवड्याला नवा माणूस येतो आणि रंग शिकवतो. लोक क्रू मागे हसत उभे होते. त्यांचा तास गेला होता.

उरलेले दिवस मी त्यांच्याच तासाला मागे बसलो आणि इंग्रजी उच्चार विचारले तर सांगितले. एकदा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दिला. भाचीला सांगा, दोन आठवडे असतील तर सहल करावी. आणि मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांना न विचारता टाकू नयेत. मी टाकले होते, नंतर काढले.

पुन्हा गोरखा

नेपाळच असेल तर एक राहिलं. पावसाळ्यात वाटेवर जळवा असतात, तिथे त्यांना जुका म्हणतात. ओढून काढू नये. मिठाची पुरचुंडी ओली करून टेकवली की गळून पडतात. ती माझ्या खिशात दोन महिने असायची, तरी मोज्यात रक्त सापडायचंच. छत्री नेऊ नका, तिथे चांगली मिळते.