मदत हवी आहे: रेसिंग गेमसाठी पीसी, पीएस5 की एक्सबॉक्स? बजेट 90 हजार, गाव सेलू

राम राम मंडळी,

परभणी जिल्ह्यात सेलूला माझं कृषी सेवा केंद्र आहे. खाली दुकान, वर घर. पेरणीच्या दिवसांत जेवायला सवड नसते, पण रब्बीची गडबड उरकली की मृगापर्यंत संध्याकाळ मोकळीच असते. त्या वेळात गाडीचे खेळ खेळायचे आहेत.

अनुभव म्हणाल तर कॉलेजला असताना सायबर कॅफेत तासावर पैसे भरून खेळलेलं रोड रॅश आणि 2005 चं नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड. तेही कीबोर्डच्या बाणांवर. आता पोलिसांना हुलकावणी देत पळण्यात रस राहिला नाही. नीट गाडी चालवायची आहे: क्लच दाबून गिअर टाकायचा, वळणाच्या आधी ब्रेक, वळणातून बाहेर पडताना हळूहळू रेस. कन्नडच्या घाटात उसाच्या ट्रकमागं रांगेत अडकल्यावर जे मनात येतं ते घरी बसून करता आलं पाहिजे. म्हणून स्टिअरिंग व्हील आणि तीन पेडल घ्यायचं हे पक्कं. मशीन कोणतं, एवढंच ठरत नाही.

माझी परिस्थिती अशी:

बजेट सगळं धरून 90 हजार. हॉलमध्ये 43 इंची फोर-के टीव्ही आहे, तोच वापरणार. नेट 40 एमबीपीएसचं, पण लाइट गेली की तेही जातं. इन्व्हर्टर आहे, जुना, चौकोनी वेव्हवाला. लाइटचं सांगायलाच नको, उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज कधी 180 तर कधी 260. वरची खोली पत्र्याची नाही, स्लॅबची आहे, तरी मे महिन्यात कुलर लावूनही भिंती रात्रभर गरम असतात.

दुसरं म्हणजे भाचा. लातूरला नीटचे क्लास करतो. सुट्टीत येतो तेव्हा मामा-भाच्यांना एकाच टीव्हीवर शेजारी बसून खेळता आलं तर सोन्याहून पिवळं. सौ. म्हणतात कॉम्प्युटर घ्या, निदान पोरीच्या अभ्यासाला तरी होईल. पोरगी सहावीत आहे आणि ती आत्ताच विचारतेय की व्हील कधी येणार, तेव्हा अभ्यासाचं काय होणार ते दिसतंच आहे.

नांदेडच्या एका दुकानातून पीसीचं कोटेशन घेतलं: रायझन 5 5600 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड, 68 हजार. मॉनिटर नाही धरला. दुकानदार म्हणाला, रॅमचे भाव चढलेत, लवकर ठरवा. पीएस5 म्हणजे प्लेस्टेशन 5, डिस्कवाला, पंचावन्न हजारांच्या आसपास. एक्सबॉक्स सिरीज एस सगळ्यांत स्वस्त, पण त्यात डिस्क घालायची सोयच नाही. व्हील लॉजिटेकचं जी29 किंवा जी920 बघतोय, पंचवीस-तीस हजारांच्या घरात. दिसायला दोन्ही जुळे भाऊ. फरक काय आहे?

आणखी एक. दुकानात बिलिंगचा कॉम्प्युटर आहे, दहाव्या पिढीचा आय3, 8 जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. त्यालाच कार्ड बसवून भागेल का?

यूट्यूबवर पन्नास व्हिडिओ पाहिले. ते सगळे एसीत बसून बोलतात. इकडच्या ऊन-धुळीत वापरणाऱ्यांनी सांगावं.

---

गोदाकाठ:

भाऊ, आधी जी29 आणि जी920 चा घोळ मिटवा, कारण तुमचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. जी29 प्लेस्टेशनवर आणि पीसीवर चालतं. जी920 एक्सबॉक्सवर आणि पीसीवर. प्लेस्टेशनचं व्हील एक्सबॉक्स ओळखत नाही, एक्सबॉक्सचं प्लेस्टेशन ओळखत नाही. जी923 घेणार असाल तर त्याच्याही दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत, खोक्यावरचं चिन्ह वाचूनच पैसे द्या. फक्त पीसीच बिनतक्रार दोन्ही घेतो.

माझं मत पीएस5 आणि ग्रॅन टुरिस्मो 7. हा खेळ 2022 च्या मार्चमध्ये आला, पीसीवर अजून नाही. तुम्हाला हवंय तेच त्यात आहे. सुरुवातीला साध्या गाड्यांतून एक निवडायला देतो, त्यात होंडा फिट असते, आपल्याकडं जॅझ म्हणून विकली जायची तीच. स्विफ्ट स्पोर्टसुद्धा आहे. मग लायसन्सच्या परीक्षा: इथं ब्रेक मार, इथं वळ, दहा-वीस सेकंदांचे तुकडे. मला पहिल्या आठवड्यात शर्यतीपेक्षा त्या परीक्षांनीच धरून ठेवलं. आणि टीव्हीचे दोन भाग करून दोघांना खेळता येतं. आता बहुतेक नव्या रेसिंग खेळांत ती सोय काढून टाकलीय. फोर्झा होरायझन 5 मध्ये नाही, असेटो कोर्सात नाही. भाच्याचा विचार करत असाल तर हा मुद्दा वरच्या नंबरवर ठेवा.

खोट एकच, पण तुमच्याकडं ती मोठी ठरेल. या खेळाला सतत नेट लागतं. नेट गेलं तर त्यातला मोठा भाग उघडतच नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि डाउनलोड शंभर जीबीच्या वर आहे. तुमच्या 40 च्या स्पीडला सलग साडेपाच तास धरा, तेही स्पीड खरंच 40 मिळाला तर. डिस्क असली तरी अपडेट उतरवावे लागतातच.

---

वाळूजकर:

पीसी. दुसरं काही नाही.

कारण सांगतो. तुम्ही क्लच-गिअरची भाषा बोलताय, म्हणजे आज ना उद्या तुम्हाला वेगळा हँडब्रेक, चांगले पेडल, वेगळ्या कंपनीचं व्हील हवं होणार. पीसीला चार कंपन्यांची चार यंत्रं चार यूएसबीत लावा, चालतात. कन्सोलला, म्हणजे पीएस5 किंवा एक्सबॉक्सला, सगळं त्या एका व्हीलच्या खोक्यातूनच जावं लागतं. आणि असेटो कोर्सा. 2014 चा खेळ आहे, फालतू कार्डावर चालतो, सेलमध्ये कवडीमोलाने मिळतो, आणि लोकांनी त्याच्यासाठी शेकडो ट्रॅक बनवून फुकट टाकलेत. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किटही सापडेल, जिथं 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झालं आणि तिन्ही वेळा फेटेल जिंकला. हा खेळ कन्सोलवरही आहे, पण हे बाहेरचे ट्रॅक त्यावर टाकता येत नाहीत. ऑनलाइन खेळायला पीसीवर वेगळे पैसे नाहीत, प्लेस्टेशनवर प्लसची वर्गणी लागते.

आता यूट्यूबवाले सांगत नाहीत ते. जी29 चा ब्रेक कडक असतो, आत रबराचा ठोकळा आहे. टीव्हीसमोर चाकाच्या खुर्चीत बसून ब्रेक दाबला की गाडी थांबायच्या आधी तुम्ही मागं जाता. आणि पेडलच्या खाली दात आहेत ते गालिच्यात रुतायला. आपल्याकडं शहाबादी फरशी नाहीतर गुळगुळीत टाइल्स, त्यावर पेडल सरकत सोफ्याखाली जातात. तात्पुरतं म्हणून खुर्चीची चाकं जुन्या चपलांत घाला आणि पेडल भिंतीला टेकवून मधे लाकडी ठोकळा द्या. कायमचं करायचं तर गावातल्या वेल्डरकडून एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा करून घ्या. व्हीलच्या आणि पेडलच्या तळाला एम6 बोल्टची भोकं आहेत, प्लायला भोकं पाडून सरळ बोल्टच मारा, क्लॅम्पच्या नादी लागू नका. प्लाय 18 मिलीमीटरपेक्षा बारीक नको, नाहीतर व्हील झटका देतं तेव्हा सगळा पाट हलतो. सीट भंगारातून ओम्नीची आणा. माझी तीच आहे, बारा तास ड्युटी करून आल्यावर सोफ्यापेक्षा बरी वाटते.

दुकानच्या कॉम्प्युटरचं: आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं कार्ड येतं, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, मदरबोर्डावरूनच वीज घेतं. असेटो कोर्साला ते पुरून उरतं. रॅम 16 करा. पण आधी कॅबिनेट मोजा. कंपनीचं बारकं कॅबिनेट असेल तर साधं कार्ड आत उभंच राहणार नाही.

---

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. कॅबिनेट मोजलं. रुंदी साडेतीन इंच. उघडून पाहिलं तर आत युरियाच्या गोदामाइतकी धूळ. ब्रशने काढली. शिवाय त्यात तीन वर्षांची उधारी आहे, तिच्यावर खेळ टाकायला हात धजत नाही. तो कॉम्प्युटर या स्पर्धेतून बाद.

म्हणजे नवा पीसी 68 अधिक व्हील, बजेट तिथंच मोडतं. पीएस5 अधिक व्हीलसुद्धा 80 च्या पुढं जातं, पण बसतं. एक्सबॉक्सबद्दल कुणीच का बोलत नाही?

---

लातूर पॅटर्न:

मामा, तुमच्या भाच्याच्या वयाचाच आहे मी, म्हणून बोलतो. सिरीज एसवर फोर्झा होरायझन 5 आणि फोर्झा मोटरस्पोर्ट दोन्ही आहेत, गेम पासवर खेळ भाड्यासारखे मिळतात, एकेक विकत घ्यावा लागत नाही. वीज पण सगळ्यांत कमी खातो. पण आता होरायझन 5 पीएस5 वरही आलाय, 2025 च्या एप्रिलमध्ये. त्यामुळं एक्सबॉक्सच घ्यावा असं कारण तुमच्यासाठी उरत नाही. डिस्क नाही म्हणजे जुना खेळ विकून दुसरा घेता येत नाही. आमच्या होस्टेलवर पीएसच्या डिस्का हातोहात फिरतात, नवीन चार-पाच हजारांचा खेळ दोन महिन्यांत निम्म्या किमतीत मिळतो.

आणि नीटच्या आधी भाच्याला सांगू नका हं.

---

फ्यूजवाला:

लाइटचं कुणी बोलेना म्हणून लिहितो, माझा धंदाच तो आहे.

चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर चांगला पीसी लावू नका. हल्लीच्या पीसीचा पॉवर सप्लाय त्या वेव्हला कुरकुरतो, बदलाच्या क्षणी बंदही पडतो. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा घ्या किंवा पीसीला वेगळा यूपीएस द्या. तो खर्च कोटेशनमध्ये नाही, नांदेडवाला सांगणारही नाही. पीएस5 खेळताना साधारण 200 वॅट खातो, वरून टीव्ही शंभर. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर चांगली 150 एएचची बॅटरी असेल तर पंखा-दिवा धरून दोन तास निघतील. 180-260 चा खेळ असेल तर स्टॅबिलायझर आधी, बाकी सगळं नंतर.

मधेच लाइट जाऊन पीएस5 बंद पडला तर पुढच्या वेळी चालू करताना तो आधी स्टोरेज तपासत बसतो. घाबरू नका, पण रोज व्हायला नको.

उन्हाचं: सोनीच्याच पुस्तकात पीएस5 साठी खोलीचं तापमान 5 ते 35 अंश लिहिलंय. परभणीत मेमध्ये 42-43 असतं, दुपारी चालवूच नका. टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये कोंबू नका, चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी. कुलरच्या थेट झोतात तर अजिबात नको, ती ओली हवा आणि धूळ मिळून आत लगदा होतो. याबाबतीत पीसी बरा, पाट उघडून ब्लोअर मारता येतो.

---

धागाकर्ता:

फ्यूजवाले दादा, हा हिशोब कुणीच दिला नव्हता. इन्व्हर्टर तसाही बदलायला आलाय, तो घरखर्चात दाखवता येईल. सौ. इथं वाचत नाहीत.

तर असं करतोय. व्हील जी29 च, कारण ते आज पीएस5 ला लागेल आणि उद्या पीसी आला तर त्यालाही. मशीन पीएस5 डिस्कवाला. वाळूजकरांचं म्हणणं पटतं, पण मी रोज दीड-दोन तास खेळणार, त्यात ट्रॅक शोधून टाकत बसण्याइतका दम नाही, आणि भाच्याबरोबर खेळायचं तर पीसीवर दुसरा पर्याय हाताशी दिसत नाही. आधी साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर, मग पीएस5, व्हील सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे सुटले की.

दोन गोष्टी राहिल्या. जी29 ला गिअरचा दांडा वेगळा घ्यावा लागतो का? आणि परभणी-नांदेड पट्ट्यात कुणाकडं वापरलेलं जी29 असेल तर घ्यावं की नवंच बरं?

---

वाळूजकर:

दांडा वेगळा. तो व्हीललाच मागून जोडतात, त्यामुळं पीएस5 वरही चालतो, ग्रॅन टुरिस्मोत क्लचसकट. नसला तरी व्हीलमागच्या दोन पट्ट्यांवर गिअर बदलतात, घाई नाही.

जुनं घेताना समोर लावून बघा. चालू केल्यावर व्हील स्वतःहून एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला फिरून मधे थांबलं पाहिजे. मधे न थांबता एका बाजूला झुकून राहिलं तर घेऊ नका. मग तीन पेडल एकेक करून पूर्ण दाबा, पडद्यावरची पट्टी सलग चढते का उड्या मारते ते पाहा. उड्या मारत असेल तर आत धूळ आहे, साफ होतं, पण त्याबद्दल दोन हजार कमी करून मागा. बिल आणि वॉरंटीची तारीख बघा, व्हीलची दुरुस्ती आपल्या भागात कुणी धड करत नाही.

सांगाडा करायच्या आधी मला मेसेज टाका, माप पाठवतो. पीसी घ्याल तेव्हा ट्रॅक मी टाकून देतो.