आयसीयूतल्या सिस्टर्ससाठी माइंडफुलनेस, तेही ड्युटीच्या वेळेतच: कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. स्टाफ फार थकलाय. एरवी शांत असणाऱ्या मुली साध्या गोष्टीवरून एकमेकींवर खेकसतात, अचानक रजा पडतात. मॅनेजमेंटने आता माइंडफुलनेसची, म्हणजे आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याच्या सरावाची, सेशन्स ठरवली आहेत, पण ती रविवारी आणि हजेरी सक्तीची. रात्रभर नाईट केलेल्या मुलीने झोप सोडून परत यायचं आणि डोळे मिटून बसायचं, हे मला अजिबात पटत नाही.

माझा विषयाला विरोध नाही. इगतपुरीला धम्मगिरीत मी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय, आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणं) आजही करते. राग चढायला लागला की तो श्वासात आधी कळतो, आणि बोलण्याआधी थांबता येतं. पण ती बैठक जशीच्या तशी वॉर्डात आणता येणार नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला माइंडफुलनेसचा कार्यक्रमही आठ आठवड्यांचा, वर घरी रोजचा सराव. घरी गेल्यावर यांना स्वयंपाक आणि मुलं असतात.

म्हणून मी कामातच जागा शोधतेय. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि ते प्रत्येक पेशंटच्या आधी-नंतर करायचंच असतं. तेवढा वेळ लक्ष फक्त पाण्यावर आणि बोटांवर. दुसरी जागा हँडओव्हरची, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देण्याची. सकाळी त्या वेळी पंपाचा अलार्म वाजत असतो, डॉक्टर राउंडला आलेले असतात, नातेवाईक काचेपलीकडून खुणा करतात, आणि त्यातच नाईटच्या सिस्टरला नॉरअॅड्रेनालिनचा (रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा) रेट बिनचूक सांगायचा असतो. त्याआधी दोघींनी बेडपाशी उभ्या-उभ्या तीन श्वास घेतले तर?

मला खरी भीती वेगळीच वाटते. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. माइंडफुलनेससारखे कार्यक्रम घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्या मानसिक स्वास्थ्यात जवळपास फरक दिसला नाही. आमच्याकडे तर एकेका सिस्टरकडे व्हेंटिलेटरचे दोन-दोन पेशंट असतात. सेशन्स झाली की माणसं वाढवण्याचा विषय मागे पडेल, असं स्टाफला वाटतं आणि मलाही.

तुमच्यापैकी कुणी हॉस्पिटलात किंवा शिफ्टच्या कामात हे करून पाहिलंय का? किती दिवस टिकलं? शिकवायला बाहेरचा माणूस आणावा की आपल्यातलीच एखादी सिस्टर तयार करावी? डोळे मिटल्यावर एखादीला गेलेला पेशंट आठवून घाबरायला झालं, तर तिथल्या तिथे काय करायचं? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी चेंजिंग रूममध्ये लावलाय, पण त्या क्षणी जवळ माणूस लागतो.

सोमवारी मेट्रन मॅडमबरोबर मीटिंग आहे. सक्ती काढा, वेळ ड्युटीत द्या आणि नाईटला एक सिस्टर वाढवा, हे तिन्ही एकत्रच मागणार आहे. ते कसं मांडावं, त्याआधी सांगू शकलात तर फार मदत होईल.