पास्त्यानंतरही जेवण बाकी असतं

इटलीत जेवताना पास्त्यातच पोट भरलं आणि पुढचं ताट परत गेलं, असा एकाचा अनुभव वाचला. दोष बहुतेक पावाचा! टोपली आधी येते आणि भुकेपोटी ती तिथंच संपते. पाव खरा कामाचा नंतर, ताटातला सॉस पुसून खायला.

तिथल्या जेवणाचा क्रम असा: आन्तिपास्तो (सुरुवातीचे हलके पदार्थ), मग प्रीमो (पास्ता, रिसोत्तो म्हणजे मऊ भात, किंवा सूप), मग सेकोन्दो (मांस किंवा मासे), गोड आणि शेवटी कॉफी. सेकोन्दोबरोबर भाजी बहुधा येत नाही, ती कोन्तोर्नो म्हणून वेगळी मागवायची. सगळे टप्पे घ्यायची सक्ती नसते. दोघांत एक आन्तिपास्तो आणि प्रत्येकी एक प्रीमो, एवढ्यावर विद्यार्थ्याचं व्यवस्थित भागतं. बिलात माणशी १ ते ३ युरो 'कोपेर्तो' दिसला तर वाद घालू नका. तो बसण्याचा आकार आहे, मेन्यूवर छापलेला असतो. टिप ऐच्छिक.

शाकाहारींनी बोलोन्या शहरात जपून. तिथल्या रागूत (पास्त्यावरच्या मांसाच्या सॉसमध्ये) गोमांस असतं, तोर्तेल्लीनीत (सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात) डुकराचं मांस, आणि ती शिजतात मांसाच्या रश्श्यात. त्याऐवजी रिकोत्ता (मऊ ताजं चीज) भरलेली तोर्तेल्लोनी, म्हणजे त्याच पास्त्याचा मोठा प्रकार, लोणी आणि सेजच्या पानांबरोबर मागवा. मात्र वर किसलेलं आणि बहुधा सारणातही असलेलं पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं (दूध फाडणाऱ्या द्रव्यानं) विरजतात, त्यामुळे कडक शाकाहारींनी सारणात ते आहे का विचारावं आणि वरून नको म्हणून 'सेन्झा फोर्माज्जो' (चीजशिवाय) सांगावं. जेवणानंतर कापुचिनो मागितलं तर देतात, पण एवढ्या जेवणावर दूध जडच, एस्प्रेसो घ्या.