ग्रंथालयाची पुस्तकं घरी जातात आणि न उघडता परत येतात

परळची_वर्गशिक्षिका
मराठी माध्यम, इयत्ता पाचवी, पट 45. ग्रंथालयाची तासिका आठवड्यातून एकच, 35 मिनिटांची. मुलं पुस्तक नेतात आणि पुढच्या आठवड्यात तसंच कोरं आणून देतात. सारांश लिहायला लावला तर मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणतात. काय बदलू?

दाखल_क्रमांक
ताई, आधी घड्याळ लावून बघा. दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा नंबर), नाव, तारीख, सही यांना मुलामागे 40 सेकंद धरले तरी 45 मुलांची 30 मिनिटं होतात. वाचायला उरली पाच! देवघेव तासिकेबाहेर काढा. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, त्यावर फक्त क्रमांक आणि तारीख. परतीची पुस्तकं सकाळी हजेरीलाच टोपलीत. कार्डांवर खुणा दोन मुलं मधल्या सुट्टीत करतील. जोडी दर महिन्याला बदला, नाहीतर चांगली पुस्तकं दोस्तांसाठी दडवली जातात.

सारांश मात्र आजच बंद.

पान_दुमडू_नका
सारांशाबद्दल सहमत. त्याऐवजी पहिली सात-आठ मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आलं की थांबा. त्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती तरी हाताशी हव्यात. एकच असली की ओढाताण.

निवडताना पाच बोटं: मधलं एखादं पान वाचायचं, शब्द अडला की एक बोट मिटायचं. मूठ वळली तर ते पुस्तक सध्या जड. पण सक्ती नको, चित्रांसाठी जाडजूड प्राणिकोश न्यायचा असेल तर खुशाल नेऊ द्या. जोडाक्षरांना अडखळणाऱ्यांसाठी सोपी पुस्तकं वेगळ्या कप्प्यात ठेवलीत की तिकडे कुणी फिरकत नाही, मिसळूनच ठेवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर वाचनाची पातळी लावलेली मराठी पुस्तकं मोफत आहेत, छापूनही घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासूनचं, त्याचे जुने अंकही वर्गात ठेवायला उत्तम.

ओल_आणि_कसर
लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलंय का? पावसाळ्याआधी चार बोटं पुढे ओढा. प्लॅस्टिकचं घट्ट कव्हर आत ओल धरतं, पुठ्ठ्याला बुरशी येते. खाकी कागद बरा. कुबट वासाचं पुस्तक मूल नाकाजवळ नेत नाही. फाटकी पुस्तकं वार्षिक पडताळणीनंतर निर्लेखनाला, म्हणजे नोंदवहीतून कमी करायला, काढा.

आणि भरपाईचं मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या. ‘हरवलं तर पैसे भरा’ असं डायरीत लिहून गेलं की दहा बाय बाराच्या खोलीत आई ते पुस्तक धाकट्याच्या हाती लागू नये म्हणून थेट माळ्यावर टाकते. ते खाली उतरतं परतीच्या दिवशीच.

परळची_वर्गशिक्षिका
डायरीत नेमकं हेच वाक्य आहे. सोमवारी खोडते.